शब्दचर्चा: मेमरी एररनंतर सिस्टिम ‘दुरुस्त’ होते की ‘सावरते’?

प्रश्न: बडोद्याला दांडिया बाजारात आम्ही काहीजण मिळून मुलांसाठी लिनक्सच्या मराठी नोट्स लिहितोय, आत्ता हार्डवेअर मेमरी एररचा धडा चालू आहे. रिकव्हरीला मी ‘दुरुस्ती’ लिहिलंय, ताई म्हणतात बदला. का?

ताई: अहो कारण दुरुस्ती त्याच्या आधीच होऊन गेलेली असते. डीडीआर४ ईसीसी मेमरीत (म्हणजे चुका ओळखून सुधारणाऱ्या मेमरीत) ६४ बिटांमागे (० किंवा १ च्या घरांमागे) ८ बिट जास्तीचे असतात, एक बिट उलटला तर हार्डवेअर परस्पर सरळ करतं, ती खरी दुरुस्ती. दोन उलटले की नुसतं कळतं, सुधारता येत नाही, आणि कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम तिथून सुरू होतं. मेमरीचा तो ४ केबीचा तुकडा, म्हणजे ‘पान’, वापरातून बाद होतो. पानातला मजकूर डिस्कवर जसाच्या तसा असेल तर पुन्हा वाचून घेतात, कोणाला पत्ताही लागत नाही. प्रोग्रामचा स्वतःचा डेटा असेल तर त्या प्रोग्रामला सिगबस सिग्नल (मेमरी वाचता येत नाही अशी कर्नलची सूचना) जातो, बहुतेक वेळा तो बंद पडतो पण मशीन चालू राहतं. खुद्द कर्नलचंच पान असलं आणि ते वाचलं गेलं तर मात्र पॅनिक, अख्खी सिस्टिमच थांबते! म्हणजे बिघडलेलं तसंच राहतं, उरलेलं वाचतं. घसरलेला माणूस सावरतो म्हणून रस्त्यावरचं शेवाळ जात नाही. ‘सावरणं’च लिहा.

दादा: ताईंशी एकदम सहमत. आणि अशा बिघडलेल्या पानाला इंग्रजीत ‘पॉयझन’ झालेलं म्हणतात, त्याला ‘खराब पान’ करू नका हो, ‘विषारी पान’च ठेवा. लिनक्समध्ये हे सावरणं २००९ साली २.६.३२ आवृत्तीत आलं तेच एचडब्ल्यूपॉयझन नावाने. विष नुसतं पडून असलं तर बाधत नाही, पोटात गेलं की बाधतं, आणि कर्नलही हाच भेद करतं, एरर नुसती सापडली तर सवडीने, प्रोसेसरने तो डेटा वाचायलाच घेतला तर तिथल्या तिथे. टेस्टिंगमध्ये दोन्ही वेगवेगळे तपासायला हवेत.

प्रश्नकर्ता: आणि टेस्टिंगसाठी मुद्दाम एरर घालतात, ते इंजेक्ट करणं?

दादा: ‘एरर टोचणं’. रूट (सर्वाधिकारी युजर) होऊन मॅडव्हाइज या कर्नलला केलेल्या कॉलने आपल्याच प्रोग्रामचं चांगलं पान विषारी ठरवायचं, मग त्याला हात लावून सिगबस येतो का बघायचं, मेमइन्फो या मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या फाइलमध्ये हार्डवेअरकरप्टेडचा आकडा ४ केबीने वाढला का तेही बघायचं. पण यात बिट खरा उलटत नाही, फर्मवेअरकडून (मशीनमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरकडून) येणारी एरर हवी तर एसीपीआयचं ईआयएनजे, म्हणजे फर्मवेअरमधली एरर टोचायची सोय, लागतं, ते मशीनमध्ये असेल तरच.

ताई: हा फरक धड्यात यायलाच हवा, नाहीतर मुलांना वाटेल की हार्डवेअरपण तपासून झालं.