विलंबितात समेआधीच दम संपतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोथरूडला राहते, नोकरी सांभाळून गाणं शिकते. काळी चारात, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून गाते. सूर बरा लागतो असं ताई म्हणतात, पण दमसास कमी पडतो. विलंबित (संथ) एकतालात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेणारा मुखडा धरेपर्यंत श्वास उरत नाही आणि आकाराची तान (जलद स्वरांची ओळ) तार षड्जाकडे, वरच्या 'सा'कडे गेली की गळा आवळतो. काळी तीनात गाऊन पाहिलं. गळा मोकळा राहिला, दम मात्र तेवढाच.

ताई सांगतात, 'पोटातून गा.' योगवर्गात सांगतात, श्वास सोडताना पोट आत घ्या. यूट्यूबवर कुणी म्हणतं, फासळ्या फुललेल्याच ठेवा. श्वासपटल हा घुमटासारखा स्नायू श्वास घेताना आकसून खाली सरकतो, म्हणून पोट पुढे येतं, इथवर समजलं. पण गाताना तर हवा बाहेर जात असते. तेव्हा नेमकं काय धरायचं नि काय सोडायचं? न समजता रियाज केला तर चुकीचंच पक्कं होईल, ही खरी धास्ती आहे.

आणखी एक. उताणं झोपून पोटावर जाड वही ठेवली की ती छान वरखाली होते. तानपुरा लावून मांडी घालून बसले की तोच श्वास छातीत अडकतो, खांदे उचलले जातात. सवाई गंधर्व महोत्सवात मोठ्या पडद्यावर मी मुद्दाम गायकांच्या खांद्यांकडे बघते, बहुतेकांचे हलतही नाहीत. असं का होत असेल?

प्रतिसाद:
मी स्पीच थेरपिस्ट आहे, थोडं गातेही. तिघंही एकाच क्रियेचे वेगवेगळे टप्पे सांगताहेत. छाती पूर्ण भरली की फुप्फुसं स्वतःहूनच मिटू पाहतात, त्यामुळे सुरुवातीला हवा नको तितक्या जोरात निघते. ती रोखायला फासळ्या फुललेल्या धरायच्या. हवा कमी होत जाईल तसं पोट हळूहळू आत येऊन दाब टिकवतं. पहिल्याच स्वराला पोट खसकन आत घेतलंत तर खालून दाब एकदम वाढतो आणि तो थोपवायला स्वरतंतू घट्ट आवळले जातात. काळी चारच्या तार षड्जाला ते सेकंदाला सुमारे ४१५ वेळा उघडमीट करतात, तिथे जादा दाब चालतच नाही.

मांडी घातल्यावर कंबर मागे गोल होते, पोट दबतं, श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. सतरंजीची जाड घडी करून तिच्यावर बसा, गुडघे कमरेच्या खाली जायला हवेत.

घरी एक करून पाहा. सारखाच श्वास घेऊन आधी 'स्स्स', मग 'झ्झ्झ' लांबवा. दोन्ही साधारण सारखे टिकले पाहिजेत. 'झ' बराच आधी संपत असेल तर स्वरतंतूंमधून हवा निसटत असावी. तसं असेल, किंवा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्याच.

धागाकर्ती:
मनापासून आभार! घडीवर बसले तर खांदे खरंच खाली राहिले. 'स' आणि 'झ' जवळपास सारखे आले, जीव भांड्यात पडला. आता अडतंय ते मुखड्याआधी श्वास चोरताना. तेवढ्या वेळात नाकाने पुरेसा भरत नाही, तोंडाने घेतला तर घसा कोरडा पडतो. रोज गाणारे इथे आहेत, तुम्ही कसा घेता?