मदत हवी आहे: आईला डायची ॲलर्जी, हृदयाची तपासणी कशी करावी?

नमस्कार मंडळी. आई ६७ वर्षांची, मधुमेह आहे. तीन वर्षांपूर्वी पोटाच्या सीटी स्कॅनला आयोडीनचा डाय (आतलं स्पष्ट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) दिला आणि पाच मिनिटांत गळ्यापासून पोटापर्यंत लालभडक गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली. बाहेर आणलं तेव्हा तिने माझं मनगट असं धरलं होतं की बांगडीचा वळ उमटला. इंजेक्शनांनी उतरलं. पण डायचं नाव फाईलमध्ये कुठेच नाही, आणि आता सगळे तेच विचारतात.

हल्ली जिना चढताना तिच्या छातीत दाटून येतं. डॉक्टरांनी सीटी अँजिओ (असाच डाय देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) सुचवली. १३, ७ आणि १ तास आधी स्टिरॉइडच्या गोळ्या, शेवटी ॲलर्जीचं औषध, शिवाय डायही वेगळा, असं करता येईल म्हणाले. पण स्टिरॉइडने साखर चढते, आणि इतकं करूनही रिॲक्शन येऊ शकते. माझा धीर होत नाही.

दुसरा पर्याय थॅलियम स्कॅन (थोडं किरणोत्सर्गी औषध टोचून हृदयाचा स्कॅन) किंवा स्ट्रेस एको (हृदयाला ताण देऊन केलेली सोनोग्राफी). दोन्हींत आयोडीनचा डाय लागत नाही, मात्र ब्लॉकेज थेट दिसत नाही, रक्तपुरवठा कमी पडतोय का एवढं कळतं. गुडघ्यांमुळे आई ट्रेडमिलवर चालू शकत नाही, म्हणजे औषध देऊनच हृदयाला ताण द्यावा लागेल.

(माशांत आयोडीन असतं म्हणून मासे बंद करा, असं शेजारच्या काकू सांगतात. डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी संबंध नाही.)

तुमच्या घरी कुणाची औषध देऊन थॅलियम झाली आहे का? त्रास किती झाला? गोळ्या घेऊन अँजिओ केलेल्यांनीही कृपया सांगा. गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय, काय काय विचारू?