मदत हवी आहे: ‘एकनिष्ठ सेवक’साठी ‘स्टॉन्च’ चालेल का?

फोंडेकर_वाचक
आमच्या मराठी वाचनालयाच्या ग्रंथपालांना निवृत्तीनिमित्त मानपत्र द्यायचे आहे. मराठी मजकूर तयार आहे, मागच्या बाजूला इंग्रजी छापायचे आहे. वाक्य असे: ‘मराठीचे कट्टर पुरस्कर्ते आणि संस्थेचे एकनिष्ठ सेवक’. मी केले: ‘अ स्टॉन्च सपोर्टर ऑफ मराठी अँड अ स्टॉन्च सर्व्हंट ऑफ द लायब्ररी’. एक जण म्हणतो स्टॉन्च म्हणजे हेकट, दुसरा म्हणतो रक्त थांबवणे. शुक्रवारी सकाळी मजकूर प्रेसला द्यायचा आहे. कोणी नीट सांगेल का?

शुद्धलेखन_कट्टा
पहिला स्टॉन्च ठेवा, दुसरा काढा.

हा शब्द माणसाने घेतलेल्या बाजूबद्दल बोलतो. म्हणून त्याच्यापुढे सपोर्टर, अ‍ॅलाय, डिफेंडर अशी नामे येतात. कसोटी हवी असेल तर ‘स्टॉन्च ऑपोनंट’ बघा. कट्टर विरोधकालाही तोच शब्द लागतो, आणि तिथे निष्ठेचा संबंध येतोच असे नाही. शब्दाचा गाभा ‘ढळत नाही’ हा आहे. ‘स्टॉन्च एम्प्लॉयी’, ‘स्टॉन्च कस्टमर’ हे इंग्रजी कानाला खटकते, तिथे लॉयल. नवराबायकोच्या बाबतीत फेथफुल. आणखी एक चूक फार दिसते: ‘स्टॉन्च टू द लायब्ररी’. ‘टू’ लॉयलला लागतो, स्टॉन्चला नाही. त्याला वाक्यात वापरायचे तर ‘स्टॉन्च इन हिज सपोर्ट ऑफ…’ असे वळवून घ्यावे लागते.

हेकटपणा त्यात नाही. मराठीत ‘कट्टर’ कौतुकाचाही असतो आणि टोमण्याचाही. स्टॉन्च बहुतेक वेळा कौतुकाचाच.

मानशीवरचा
रक्तवालेही चुकलेले नाहीत. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ होता पाणी आत न घेणारा. जहाज स्टॉन्च म्हणजे ज्याच्या सांध्यांतून थेंब शिरत नाही. त्याच कुळातले क्रियापद म्हणजे वाहते रक्त थोपवणे. पोर्तुगीज येणाऱ्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा: ‘इश्तांकार’ म्हणजे वाहते थांबवणे आणि ‘इश्तांक’ म्हणजे पाणी न शिरणारे. हे भावंड शब्द आहेत.

खाजनातली मानस, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातशेतीचे पाणी अडवणारे दार, डोळ्यांपुढे आणा. भरती आली की खाऱ्या पाण्याच्या दाबानेच दार मिटते, आणि दार चौकटीला घट्ट बसले तरच आतले भात वाचते. फटीतून बोटभर धार जरी आली तरी ती मानस स्टॉन्च नव्हे. निष्ठेचा अर्थ इथूनच निघाला: दाब वाढला तरी न झिरपणारा माणूस.

फोंडेकर_वाचक
हे डोक्यात बसले. मग दुसऱ्या भागाला ‘फेथफुल सर्व्हंट’ करू? आणि ‘डायहार्ड’ कसा वाटतो?

शुद्धलेखन_कट्टा
दोन्ही नकोत. मराठीत ‘सेवक’ मानाने म्हणतात, इंग्रजीत नुसता ‘सर्व्हंट’ ऐकला की घरगडी आठवतो, आणि ‘फेथफुल सर्व्हंट’ तर थडग्यावरच्या ओळीसारखा वाटतो. नाम टाका, क्रियापद घ्या: ‘हू सर्व्ड द लायब्ररी विथ अनवेव्हरिंग लॉयल्टी फॉर’ आणि पुढे सेवेच्या वर्षांचा आकडा. वर्षे लिहिली की विशेषणाचे निम्मे काम तीच करतात.

डायहार्ड हा रणांगणावरचा शब्द. 1811 साली स्पेनमधल्या आल्बुएराच्या लढाईनंतर ब्रिटिशांच्या 57व्या पलटणीला हे नाव पडले. आता तो फुटबॉलच्या चाहत्यांना शोभतो, मानपत्राला नाही.

कोणी ‘स्टॉलवर्ट’ सुचवेल, त्यापासूनही सावध. पक्षाचा किंवा संस्थेचा जुना, भरवशाचा कार्यकर्ता हा त्याचा अर्थ, पण आपल्याकडची वर्तमानपत्रे तो ‘दिग्गज’ म्हणून वापरतात. वाचणारा कोणता अर्थ घेईल याचा नेम नाही.

मानशीवरचा
‘पुरस्कर्ते’साठी सपोर्टर पडेल वाटतो, तो नुसता पाठीराखा. ‘अ‍ॅडव्होकेट’ अर्थाने बरोबर आहे, पण आपल्याकडे लोक वकील समजतील. चँपियन घ्या.

प्रूफवाला
छपाईचे दोन धोके. स्पेलिंगमध्ये ‘ए’नंतरचा ‘यू’ गळला तर संगणक लाल रेघ मारणार नाही, कारण रक्त थोपवण्याच्या क्रियापदाचे ‘यू’शिवायचे स्पेलिंगही चालते, अमेरिकेत तर तेच जास्त. विशेषणाला मात्र ‘यू’ ठेवावा. आणि मानपत्र वाचून दाखवणार असाल तर निवेदकाला आधी उच्चार सांगा: ‘स्टॉन्च’, मधला स्वर ‘लॉन्च’सारखा. ‘स्टेंच’ म्हटले की झाली दुर्गंधी, तीही सत्कारमूर्तींसमोर.

फोंडेकर_वाचक
अंतिम: ‘अ स्टॉन्च चँपियन ऑफ मराठी, हू सर्व्ड द लायब्ररी विथ अनवेव्हरिंग लॉयल्टी फॉर 31 इयर्स’. बरोबर?

शुद्धलेखन_कट्टा
बरोबर. ‘मराठी’चे पहिले अक्षर कॅपिटल हवे.

फोंडेकर_वाचक
केले. प्रूफ आले की आधी ‘यू’ बघतो. देव बरें करूं.