खरा व्हिडिओ दाखवला तरी ‘एआय आहे’ म्हणतात. करायचं काय?

कपाशीवाला, अमळनेर
नगरपालिकेच्या प्रचारात आमच्या वॉर्डातल्या एका उमेदवाराचा घरोघरी फोन यायचा. आवाज त्याचाच, तोही अहिराणीत, आईचं नाव घेऊन. आईने नळाच्या पाण्यावरून त्याला चांगलंच फैलावर घेतलं, पण पलीकडून मतं मागणं काही थांबेना. आम्ही हसलो, सोडून दिलं.

खरी गंमत नंतर झाली. कोपरा सभेत ‘एक दिवसाआड पाणी देतो’ असं तो बोलला, ते शेजारच्या पोराने मोबाइलवर घेतलं होतं. निवडून आल्यावर दाखवलं तर त्याचा कार्यकर्ता म्हणे, “भाऊ, हे एआयने बनवलंय.” अरे, मी तिथे पहिल्या रांगेत बसलेलो! आता पोरं म्हणतात, पुढच्या वेळी सभेला जायचंच कशाला? खोट्या व्हिडिओपेक्षा मला याचीच धास्ती वाटते.

तापीकाठ, चोपडा
ज्या मोबाइलवर काढला त्यातली मूळ फाइल पुसू देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या व्हिडिओतून तारीख-वेळेची माहिती गळून जाते. सभेला हजर असलेल्यांच्या सह्याही घ्या.

नियमांवर फार विसंबू नका. खोटा मजकूर कळवल्यावर पक्षाने तीन तासांत काढावा, हे केंद्रीय निवडणूक आयोगाने मे २०२४ मध्येच सांगितलंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये एआय-चित्रावर किमान १० टक्के जागेत तसं लिहायला सांगितलं. पण नगरपालिका येते राज्य निवडणूक आयोगाकडे. शिवाय हे सगळं खोटं पकडायला. खऱ्याला ‘खोटं’ म्हणणाऱ्याचं काय करायचं, ते त्यात नाही.

केळीवाला, रावेर
भो, विधानसभेला २० नोव्हेंबर २०२४ ला मतदान होतं. आदल्या रात्री दोन मोठ्या नेत्यांच्या आवाजातल्या म्हणून क्लिपा फिरल्या, बिटकॉइनचा (आभासी चलनाचा) पैसा निवडणुकीत वापरल्याच्या. त्यातल्या काही एआयच्या असाव्यात, असं पडताळणारे म्हणाले; पण ते आमच्या पारावर कोण वाचतो? अर्ध्यांनी क्लिप खरी धरली, उरलेले म्हणाले सगळेच चोर. हे दुसरे जास्त अवघड. फसलेल्याला समजावता येतं, यांना काय सांगणार?

कपाशीवाला, अमळनेर
तापीकाठ, फाइल मिळाली, पोराने जपून ठेवलीय. सह्यांसाठी काल फिरलो. सगळ्यांना सभा आठवते, पाण्याचं बोलणंही आठवतं. कागद पुढे केला की मात्र, “मन्हं नाव नका टाकू, भाऊ.”