एसीत गॅस भरण्याआधी हे बघा

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिक दर उन्हाळ्यात एसीतला गॅस संपला म्हणून भरून जातो, दोन-तीन महिन्यांत कूलिंग परत जातं आणि पाईपवर बर्फ जमतो, तर अहो गॅस हा पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, सिस्टीम सीलबंद असते, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहेच आणि ते न शोधता वरून भरणं म्हणजे पैसे पाण्यात. आमच्या पनवेलच्या घरी सेम झालं होतं. शेवटी मीच आऊटडोअरला (बाहेरच्या युनिटला) तांब्याचा पाईप जोडतात त्या नटपाशी बघितलं, तेलकट काळा डाग होता, साबणाचा फेस लावला तर बारीक बुडबुडे यायला लागले. नटाखालचं पाईपचं तोंड चिरलं होतं, तेवढं नवीन करून, व्हॅक्यूम मारून (पंपाने आतली हवा काढून), वजनावर म्हणजे मोजून गॅस भरून घेतला, तीन वर्षं झाली बघा, हात लावलेला नाही.

पण त्याआधी फिल्टर धुवा प्लीज. पाईपवर बर्फ जमतो तो नुसत्या धुळीनेही जमतो, हवाच पुरत नाही आतल्या कॉइलला, म्हणजे थंड होणाऱ्या नळ्यांना. फिल्टर धुवून, बर्फ पूर्ण वितळू देऊन परत चालवा, तरी जमला तर मग लीक शोधायला सांगा. तुमच्या एसीतला गॅस आर-३२ प्रकारचा असेल तर तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे स्वतः उघडू नका.