अनुभव धागा : सलग ऐकलेला अल्बम

एक गाणं संपतं आणि पुढचं सुरू व्हायच्या आत ते आपल्या कानात सुरू झालेलं असतं. ज्या अल्बमच्या बाबतीत तुमचं असं होतं, त्याबद्दल इथे लिहा. बँड कुठलाही, भाषा कुठलीही. याद्या मात्र नकोत. एकच अल्बम, आणि तो तुमच्यापर्यंत कसा पोचला ते.

सुरुवात मी करतो. माझा अल्बम पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून'. निघाला १९७३ साली, माझ्यापर्यंत यायला १९९१ उजाडलं. मूळ कॅसेट परवडणारी नव्हती. तेव्हा गाणी भरून देणारी दुकानं असायची. कोरी कॅसेट आपण न्यायची, दोन दिवसांनी भरून मिळायची. अल्बम साधारण ४३ मिनिटांचा. नव्वदची कॅसेट नेली असती तर अख्खा एका बाजूला मावला असता. माझ्याकडे साठची होती, म्हणजे एका बाजूला तीसच मिनिटं. दुकानदाराने सरळ भरत नेलं आणि 'अस अँड देम' ऐन मध्यावर तुटलं. खट्! मग कॅसेट उलटायची. दुसऱ्या बाजूला तेच गाणं, तुटलं होतं त्याच्या जरा पुढून.

होस्टेलची चार वर्षं मी तो अल्बम असाच ऐकला. 'टाइम'च्या सुरुवातीला एकदम वाजणारी ती घड्याळं अॅलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकाने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून ध्वनिमुद्रित केली होती, हे पुष्कळ नंतर वाचलं. तेव्हा एवढंच माहीत होतं, की त्या घड्याळांनी माझा रूममेट दचकून उठतो. पहिल्या बाजूचं शेवटचं पूर्ण गाणं 'मनी'. ते संपत आलं की हात आपोआप टेपकडे जायचा, कारण आता थोड्याच वेळात खट्.

पुढे सीडी घेतली, तरी ती जागा गेली नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये पिंक फ्लॉइडचा एकेकाळचा गायक-बासवादक रॉजर वॉटर्स मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलाच्या मैदानावर आला. त्या दौऱ्यात तो हा अख्खा अल्बम क्रमाने वाजवत होता. 'अस अँड देम' मध्यावर आलं तेव्हा मी श्वास धरून उभा होतो. गाणं पुढे गेलं. हजारो लोकांत मी तोंड झाकून रडलो. बायकोने फक्त दंडाला हात लावला, विचारलं काही नाही.

आता तुम्ही लिहा.

* * *

आमचं घर बांद्याला, म्हणजे सिंधुदुर्गातल्या, आणि आजोळ म्हापशाला. मे महिना तिकडेच जायचा. मामाकडे गोव्याचा गायक रेमो फर्नांडिसची 'गोवन क्रेझी' ही कॅसेट होती, १९८४ची. मामा ती कुणाला हातात देत नसे, आपणच लावायचा.

रेमोने ती शिवोलीत स्वतःच्या घरी केली. वाद्यं बहुतेक सगळी त्याचीच, आवाजही त्याचाच, मशीन चार ट्रॅकचं. कॅसेटी स्कूटरवर घालून तो स्वतः दुकानोदुकानी पोचवायचा. मामा सांगायचा, "शिवोली हय लागींच. ताणें घरांत बसून केलां हें." आठ-नऊ वर्षांच्या मला त्यातलं 'घरांत बसून' तेवढं ऐकू आलं.

आज मी ध्वनिमुद्रणाचंच काम करते, म्हणून सांगते, चार ट्रॅक म्हणजे काय. ट्रॅक म्हणजे टेपवरची आवाजाची वेगळी पट्टी. तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, मग पहिले तीन पुसून पुन्हा भरायचे. एकदा उतरवलं की ढोलाचा आवाज कमी करता येत नाही, गिटार बाजूला काढता येत नाही. आणि दर उतरवणीला खरखर थोडी वाढते. म्हणजे शेवटी काय हवं आहे ते पहिल्या दिवशीच डोक्यात पक्कं लागतं. माझ्या कॉम्प्युटरवर आज शंभर ट्रॅक सहज उघडतात. तरी नवीन कामाला बसण्याआधी मी कागदावर चारच रेघा मारते.

* * *

आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा कार्यक्रम, बंगलोर, १७ मार्च २००७. सोलापुरातून आम्ही तिघं उद्यान एक्सप्रेसने गेलो. घरी सांगितलं होतं मुलाखत आहे. पॅलेस ग्राउंड्सवर पोचलो तर जो तो काळ्या टी-शर्टात, नागालँडपासून केरळपर्यंतचा. तोपर्यंत मला वाटायचं, अख्ख्या सोलापुरात हे ऐकणारे आम्ही तिघंच. 'फिअर ऑफ द डार्क'ची गिटारची धून लोक शब्दांशिवाय गातात, ओ ओ करत. कानडी, तमिळ, मराठी, सगळ्यांचा ओ सारखाच. परतीच्या गाडीत घसा पार बसला होता. आईने आवाजावरून ओळखलं, पण रागावली नाही. हळद-दूध दिलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी खरं सांगून जा."

* * *

माझं गाव शहादा तालुक्यात. सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलेल्या अक्कलकुवा-धडगावकडच्या गावांचं पुनर्वसन आमच्या भागात झालं. त्या वसाहतीतला एक मुलगा सातवीपासून माझ्या बाकावर होता. पुढे पुण्यालाही आम्ही एकाच खोलीत राहिलो.

इंडियन ओशन या बँडचा 'कंदिसा' २००० साली आला. आम्हाला तो एका सीनिअरने दिला. 'कंदिसा' हे गाणं म्हणजे अरामी भाषेतली प्रार्थना, केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांची. अर्थ कळत नव्हता तरी अंगावर काटा यायचा. पण माझ्या मित्राला हलवलं ते त्याच अल्बममधल्या 'मा रेवा'ने. बँडमध्ये बास गिटार वाजवणारा राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात काम केलेला माणूस, आणि रेवा म्हणजे नर्मदा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मित्र काही बोलला नाही. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग म्हणाला, "आमचं घर ज्या पाण्याखाली आहे ना, त्या पाण्याचं गाणं आहे हे." सातवीपासून इतक्या वर्षांत त्याने जुन्या घराचा विषय पहिल्यांदा काढला. दार कुठल्या दिशेला होतं, मोहाचं झाड किती पावलांवर, बाजाराला जायला किती डोंगर उतरायचे, सगळं पहाटेपर्यंत सांगत राहिला. टेप कधीच थांबला होता.

याच बँडच्या असीम चक्रवर्तींना एकदाच प्रत्यक्ष ऐकलं. मांडी घालून बसलेले, तबला वाजवता वाजवता गात होते. २५ डिसेंबर २००९ला ते गेले, तेव्हा पहिला फोन मित्राचा आला.

* * *

इथे सगळं गिटारवाल्यांचं चाललं आहे, तरी लिहिते. माझा अल्बम बीटीएसचा 'बी', आणि तो माझा झाला लेकीमुळे. नोव्हेंबर २०२०मध्ये आला. ती नववीत, शाळा मोबाइलवर, आणि घरात सासरे आजारी. सात कोरियन मुलांचं तिला इतकं काय, म्हणून मी चिडायचे. एकदा तिने माझ्या कानात एक इअरफोन घातला आणि 'लाइफ गोज ऑन'ची एकेक ओळ मराठीत सांगत गेली. एक दिवस जग थांबलं, कुणी काही सांगितलंही नाही, असं ते सुरू होतं. मी पोळ्या लाटत होते, ते हात थांबले.

तिनेच सांगितलं, की कोरियनमध्ये वडिलांना 'आप्पा' म्हणतात. आमच्याकडे सासऱ्यांना सगळे आप्पाच म्हणतात. तिने ते त्यांच्या खाटेशी जाऊन सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला, की रोज संध्याकाळी विचारायचे, "आज माझ्या कोरियातल्या पोरांचं काय?" आणि ती दोन गाणी लावायची. फेब्रुवारीत आप्पा गेले. अल्बम आम्ही दोघी अजून क्रमानेच ऐकतो, मधलं काही गाळत नाही.

* * *

मिरजेहून लिहितोय. आमच्या घरात चार पिढ्या सतारी-तंबोरे बनतात. माझा अल्बम 'शक्ती', त्याच नावाच्या बँडचा, १९७६चा. गिटारवर जॉन मॅक्लॉफलिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर झाकीरभाई, घटमवर विक्कू विनायकराम वगैरे, १९७५च्या एका मैफिलीतलं थेट ध्वनिमुद्रण. पहिलंच गाणं, 'जॉय', अठरा मिनिटांचं आहे. पहिल्यांदा ऐकताना मी पाच मिनिटांत थकलो होतो.

मॅक्लॉफलिनने या बँडसाठी एक गिटार खास करवून घेतली होती. नेहमीच्या सहा तारांखेरीज सात जादा तारा, भोकावरून तिरप्या गेलेल्या. त्याचा फोटो मी आजोबांना दाखवला. तेव्हा ते भोपळा घासत होते. हात पुसून त्यांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "ह्या तरफा हायत." तरफा म्हणजे सतारीच्या मुख्य तारांखालच्या बारीक तारा.

मग कॅसेट लावायला सांगितली. गाणं त्यांनी गाणं म्हणून ऐकलंच नाही. डोळे मिटून तरफा शोधत होते. वेगात मध्येच एक जागा येते, हात थांबतो आणि मागे नुसती झंकार उरते. तिथे त्यांनी बोट वर केलं. "परत लाव." सहा-सात वेळा मागे घेतलं. नंतर कोपऱ्यातली एक अर्धवट सतार ओढली, तरफा लावायला घेतल्या, आणि रात्री आजीने जेवायला हाक मारली तरी तिथेच होते.

ती सतार त्यांनी विकली नाही. डिसेंबर २०२४मध्ये झाकीरभाई गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी 'जॉय' लावलं. शेजारी सतार उभी होती. मोठ्या आवाजाला तिच्या तरफा आपल्या आपण वाजू लागतात.