ज्यूच नाहीत त्या ज्यू मोहल्ल्याची टूर कशाला? (तोलेदो, स्पेन)

पायपीट:
गेल्या महिन्यात माद्रिदला होतो, तिथून ट्रेनने अर्ध्या तासात तोलेदो. बायकोने आधीच जुन्या ज्यू मोहल्ल्याची, तिकडे हुदेरिया म्हणतात, दोन तासांची वॉकिंग टूर बुक केलेली. आता शिव्या घाला, पण मला ती टूर खटकली. गाईडबाई बोलायला गोड, पण निम्मा वेळ तलवारी, बदामाचं मार्झिपान आणि जमिनीत बसवलेल्या छोट्या निळ्या-पांढऱ्या टाईल्स कोण आधी शोधतो (मेनोरा म्हणजे ज्यूंचा सात फांद्यांचा दिवा, हिब्रू अक्षरं वगैरे) ह्यात. पोरं खूश. 1391 ला ह्याच मोहल्ल्यात ज्यूंची कत्तल झाली ती एका वाक्यात आटोपली. 1492 ला फर्डिनंड-इसाबेला ह्या राजाराणीने ज्यूंसाठी फर्मान काढलं की बाप्तिस्मा घ्या नाहीतर चार महिन्यांत चालते व्हा, ते दीड वाक्यात, आणि लगेच फोटोसाठी पाच मिनिटं! कहर म्हणजे सांता मारिया ला ब्लांका हे जुनं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव रेयेस कातोलिकोस, म्हणजे ज्यांनी हाकललं त्याच राजाराणीचं नाव. पाटीखालून नेलं आम्हाला आणि बाई अवाक्षर बोलली नाही. असल्या टूरपेक्षा चार पानं वाचून एकटं फिरलेलं बरं.

चहाबिस्कीट:
अजिबात पटलं नाही. गाईड वाईट निघाली म्हणून टूरच वाईट? मी पहिल्यांदा एकटीच गेले होते. ला ब्लांकात शिरले, पांढऱ्याशुभ्र, घोड्याच्या नालेसारख्या कमानींच्या रांगा, अहाहा करून दहा मिनिटांत बाहेर. काय कळलं? शून्य. दुसऱ्या खेपेला गाईड घेतला, तर त्या माणसाने एल त्रान्सितो सिनेगॉगमध्ये आम्हाला भिंतीसमोर नुसतं उभं केलं आणि वरच्या पट्टीकडे बोट दाखवलं. हिब्रू ओळी, कास्तीलचा किल्ला आणि लिऑनचा सिंह ही राजचिन्हं, आणि नक्षीत चक्क अरबी अक्षरं. मग म्हणाला, हे बांधलं शमुएल हा-लेवीने, कास्तीलच्या पेद्रो राजाचा खजिनदार, 1357 च्या आसपास. आणि पुढच्या चारपाच वर्षांत त्याच राजाने त्याला पकडून हाल हाल करून मारलं. ते ऐकून परत त्या किल्ल्या-सिंहाकडे बघितलं तर पोटात गोळा आला. हे एकटं फिरून मला सात जन्मात दिसलं नसतं.

पायपीट:
@चहाबिस्कीट तुमचा गाईड मला मिळाला असता तर धागाच काढला नसता. पण नशीब असेल तर इतिहास, नसेल तर मार्झिपान, हे काय खरं नाही ना!

हिशोबी:
गाईडचं सोडा, तिकिटाचे पैसे कुठे जातात ते बघा. त्रान्सितो सरकारी म्युझियम आहे, ठीक. पण ला ब्लांका पंधराव्या शतकात चर्च केलं ते आजही चर्चच्याच मालकीचं आहे आणि तिकीटही तेच घेतात. ज्यांचं होतं त्यांना काय मिळतं? टूर बंद करा म्हणत नाही, पण एवढं तरी गाईडने उभं राहून सांगावं.

मांडवीकाठ:
तुम्ही सगळे तोलेदोतच अडकलात. हाकललेले लोक गेले कुठे? बरेचसे शेजारी पोर्तुगालला, आणि तिथे पाच वर्षांत पुन्हा तेच, सक्तीचा बाप्तिस्मा. त्यातल्याच एका घरातला वैद्य गार्सिया दा ओर्ता आमच्या गोव्यात आला, इथल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, 1563 ला गोव्यातच छापलं. 1568 ला वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जाळलं आणि 1580 ला ह्याची हाडं उकरून तीही जाळली. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे, मी शाळेत असल्यापासून तिथनं जातो, मला हे तिशीनंतर कळलं. तेव्हा पायपीटभाऊ, तुम्हाला दीड वाक्य तरी मिळालं, आम्हाला तेवढंही कोणी सांगितलं नव्हतं.

शनवारतेली:
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, मूळ अलिबागकडची. (आयडीवरून कळलंच असेल. कोकणात आमचे लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद.) आम्हाला कोणी हाकललं नाही, आपणहून इस्राएलला गेले, त्यामुळे तोलेदोशी तुलना करणार नाही. पण आमच्या गावच्या मशिदीचं, आजी सिनेगॉगला मशीदच म्हणायची, कुलूप उघडायला शेजारच्यांकडून किल्ली आणावी लागते. प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमतच नाहीत. लोक येतात, रील काढतात, बाकावर पाय ठेवून बसतात. राग येतो? येतो. पण मागच्या पावसाळ्यात कौलं फुटली तेव्हा पहिला फोन एका फिरायला येऊन गेलेल्या मुलीचा होता, पैसे कुठे पाठवू म्हणून. त्यामुळे एकट्याने फिरा हे मला पटत नाही. या, घोळक्याने या, फक्त नीट विचारा.

चहाबिस्कीट:
@शनवारतेली 🙏 गाव कुठलं ते व्यनि (खाजगी निरोप) करा ना.

पायपीट:
@शनवारतेली बाकावर पाय ठेवणाऱ्यांत मी नाही हो. बरं, एवढं मागे घेतो की टूर नकोच असं नाही. पण बुक करायच्या आधी मी आता सरळ ईमेल टाकून विचारणार, त्या रस्त्याच्या पाटीबद्दल सांगता का? उत्तर आलं नाही तर ती टूर कटाप.

हिशोबी:
आणि जाणाऱ्यांनी सोमवार टाळा. त्रान्सितो बंद असतं, आम्ही दारावरून परत आलोय.